नंदूच्या डाव्या डोळ्यातली रेघ

या ग्रुपवर मी फक्त हसायला येते, हे आधीच सांगून टाकते. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायचा आणि तुमच्या भुताखेतांच्या पोस्टी वाचायच्या, फुकटची करमणूक. आरेच्या रस्त्यावर लिफ्ट मागणारी ती बाई... दर वर्षी तीच बाई, तीच पांढरी साडी. बिचारीला दुसरी साडी घेऊन द्यायचं कोणाच्या मनातही येत नाही. मढच्या बंगल्यात शूटिंगला गेलेल्या मेकअपमनला म्हणे आरशात कोणीतरी मागे उभं दिसलं. अरे, शूटिंगच्या बंगल्यात पन्नास माणसं मोकळी फिरत असतात, मागे कोणी उभं नसतं तर नवल! आणि खाली कमेंटमध्ये ढीगभर लोक हात जोडून बसलेले.

"माझा अशा गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता" हे वाक्य तुम्ही सगळेच पहिल्या ओळीत लिहिता, म्हणून मी ते लिहिणार नाही. माझा अजूनही नाही. तरी लिहितेय, कारण घरात हा विषय काढला की माझी भावजय वैशाली रडायला लागते, आणि ऑफिसात काढला तर माझी नोकरी जाईल.

मी मेडिक्लेमच्या केसेस तपासते. ऑफिस अंधेरीला, घर मुलुंड पूर्वेला. समोरचा माणूस खोटं बोलतोय असं धरून चालायचं, याचाच मला पगार मिळतो. लंगडत आत येणारे आणि खाली जाऊन स्कूटरला किक मारणारे मी इतके पाहिलेत की आता रागही येत नाही. कोणतं लक्षण सांगितलं की डॉक्टर कोणती तपासणी लिहून देतो, हे मला झोपेतून उठवून विचारा. लोकांनाही माहीत असतं, म्हणून तर ती लक्षणं सांगतात.

नंदू माझा धाकटा भाऊ. सुतार. घाटकोपर पश्चिमेला असल्फाच्या चढावर त्याचा छोटा कारखाना आहे — कारखाना म्हणजे पत्र्याचा एक गाळा, त्यात एक कटर मशीन आणि गुडघाभर भुसा. बाबा गिरणीत सुतारखात्यात होते, त्यांच्याकडून हा शिकला. फळी सरळ आहे का ते बघायची आमच्या घरात एकच पद्धत : फळीचं एक टोक गालाजवळ धरायचं, डावा डोळा मिटायचा आणि उजव्याने कडेवरून पार शेवटपर्यंत बघायचं. कुठे बाक आहे, कुठे पीळ आहे, लगेच कळतं. बाबा तसंच करायचे, नंदूही तसंच. लग्नाच्या हॉलमध्ये गेला तरी खांबाकडे डावा डोळा मिटून बघणार. वैशाली, म्हणजे त्याची बायको, हिला साखरपुड्यात त्याला तसं करताना पाहून वाटलं हा आपल्याला डोळा मारतोय. नशीब तिचं, तेव्हाच हसली.

तोंडाला मास्क? छे! "भुसा म्हणजे आपली लक्ष्मी, ताई," असं म्हणायचा हा शहाणा. सागवान घासलं की नाकात जाऊन बसायचा तो पिवळट भुगा, संध्याकाळी रुमालात शिंकरून टाकायचा. झालं काम.

दोनेक वर्षांपूर्वी त्याचं डावं नाक चोंदायला लागलं. फक्त डावं. गल्लीतल्या डॉक्टरने सांगितलं सायनस आहे, वाफ घ्या. वाफ घेतली. मग सांगितलं अ‍ॅलर्जी आहे, गोळ्या घ्या. त्याही घेतल्या. रुमालाला रक्त लागायला लागलं, तेव्हा म्हणाला उष्णता आहे! सब्जा खा! या माणसाच्या भिंतीवर डिग्रीची फ्रेम आहे, आणि तीही वाकडी लावलेली. आमच्या नंदूने ती दर वेळी सरळ करून दिली, बाकी तिथे काही सरळ झालं नाही.

पुढे डोळ्यातून पाणी यायला लागलं. मग त्याला दोन दोन दिसायला लागलं. शहाण्या माणसाने अशा वेळी काय केलं असतं? हॉस्पिटल गाठलं असतं. आमच्या सुताराने काय केलं माहितीये? डावा डोळा मिटला. "तसाही कामात मिटलेलाच असतो की!" दोन दिसले की डावा मिटायचा, एक दिसलं की पुढचं काम. असे किती महिने काढले त्यालाच ठाऊक. त्याच्या कारागिरीत तसूभर फरक पडला नाही, त्यामुळे कोणाला शंकाही आली नाही.

मला आली, ती आमच्या एका चुलत भावाच्या मुलीच्या बारशाला. नंदू जेवायला समोर बसला होता. त्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा पुढे आलेला. मी म्हटलं, "नंद्या, चष्मा काढ." काढला. "वर बघ." उजवा डोळा वर गेला, डावा तिथेच. मी हातातली पुरी ताटात ठेवली आणि म्हटलं, "ऊठ. आत्ताच्या आत्ता ऊठ."

स्कॅनमध्ये निघाला कॅन्सर. नाकाच्या वर, दोन डोळ्यांच्या मधे पातळ हाडांची जाळी असते, तिथे. तिथून तो डाव्या डोळ्याच्या खोबणीत शिरला होता. सर्जन बाई होत्या, पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काम काय करता?" नंदू म्हणाला सुतार. त्यांनी मान हलवली. हा कॅन्सर फार कमी लोकांना होतो म्हणाल्या, पण लाकडाच्या भुशात आयुष्य काढणाऱ्यांना जास्त. "डोळा ठेवला तर माणूस जाईल." मग नंदूकडे बघून म्हणाल्या, "उजवा वाचवायचा, हे आता आपलं काम." उभ्या आयुष्यात मी ज्या मोजक्या माणसांना नावं ठेवली नाहीत, त्यात या बाई. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नातेवाइकांचं विचारू नका. बोरिवलीची काकू म्हणाली कारखान्याचं दार दक्षिणेला आहे म्हणून झालं. एक मावसभाऊ कांद्याचा रस घेऊन आला, नाकात घालायला. मी त्याला म्हटलं, "तू आधी स्वतःच्या नाकात घाल, मग आपण बोलू." परत आला नाही.

ऑपरेशन झालं. डोळा, पापण्या, मागची नस... सगळं काढलं. ती नस कापली होती, हे मी मुद्दाम लिहितेय. मी ऑपरेशनचे कागद स्वतः वाचलेत, माझं कामच आहे ते. खोबणीवर मांडीची कातडी बसवली. डोळा होता तिथे सपाट, गुळगुळीत कातडी, मांडीवरचे चार केस आणि वर काळी पट्टी. मग रेडिएशन. त्यात माणूस अर्धा झाला. पण घरी आला, आणि तिसऱ्या महिन्यातला स्कॅन स्वच्छ निघाला. वैशालीने सोसायटीभर पेढे वाटले.

नंदूला त्या नसलेल्या डोळ्यात उजेड दिसायचा. बाईंनी सांगितलं, असं होतं, कापलेल्या पायाला खाज येते तसं. मेंदूला सवय असते. ठीक आहे, पटण्यासारखं आहे. मीही दोन-चार ठिकाणी वाचलं आणि विषय संपवला.

एका रविवारी दुपारी मी कारखान्यात डबा घेऊन गेले. नंदू नुकताच थोडं थोडं काम करायला लागला होता. मी दारात, त्याची पाठ माझ्याकडे. त्याने फळी उचलली, टोक गालाजवळ नेलं... डाव्या गालाजवळ. पट्टी कपाळावर सरकवली. उजवा डोळा मिटला. आणि त्या सपाट कातडीने तो फळी बघायला लागला.

"नंद्या, काय चाललंय काय?"

तो दचकला. मग लहानपणी आईच्या डब्यातले लाडू खाताना सापडायचा तसं हसला. "ताई, तू ओरडशील म्हणून सांगितलं नाही. मला यानेच जास्त बरं दिसतं."

"डोक्यावर परिणाम झालाय तुझ्या."

"फळी दिसत नाही गं. फळीची कड तेवढी दिसते. काळोखात एक पांढरी रेघ. सरळ असली तर सरळ, बाक असला तर बाक." त्याने फळी खाली ठेवली. "हिला पुढच्या टोकाला पीळ आहे, बघ."

होता. मी म्हटलं, हाताने कळलं तुला, तीस वर्षं लाकूड हाताळतोयस. तो म्हणाला, असेल. वाद घालत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा दुर्गुण.

पण मी सोडते होय? पुढच्या रविवारी मुलुंडच्या वखारीतून मी स्वतः निवडून लाकडाच्या पट्ट्या नेल्या. काही सरळ, काही वाकड्या. कोणती कशी ते मला माहीत, त्याला नाही. नंदूला स्टुलावर बसवलं. उजव्या डोळ्यावर कापूस, त्यावर चिकटपट्टी, त्यावर माझी ओढणी. हात मांडीखाली. पट्टी मी धरणार, त्याने बोटही लावायचं नाही. वैशाली म्हणाली, "ताई, आजारी माणूस आहे तो, चोर नाही." मी म्हटलं, "चोर नसेल तर सुटेल."

"सरळ," तो म्हणाला. बरोबर. "मधे पोट आलंय." बरोबर. तिसरी पट्टी मी मुद्दाम सरळ निवडली होती. "हिला बाक आहे. थोडासा. माझ्याकडच्या टोकाला."

मी जिंकले असं वाटून मोठ्याने हसले. ओढणी सोडली, कापूस काढला आणि म्हटलं, बघ, चुकलास. नंदूने शांतपणे दोरी काढली, पट्टीच्या कडेला ताणून धरली. त्याच्याकडच्या टोकाला पट्टी आणि दोरी यांच्या मधे फट होती. पोस्टकार्ड जाईल एवढी. मी वखारीत डोळे फाडून बघितलं होतं, मला ती दिसली नव्हती.

मी पुन्हा केलं. जागा बदलून, उजेड बदलून, पाठीमागून धरून. तेच. मी इतकी चिडले की डबा तसाच घेऊन घरी आले.

ही बातमी चढावर पसरायला किती वेळ लागणार? वैशालीच्या शेजारणीने सांगितलं, तिच्या जावेने पुढे सांगितलं, आणि मग कारखान्यासमोर चपला दिसायला लागल्या. कोणी मुलाची पत्रिका घेऊन आलं, कोणी नव्या फ्लॅटचे फोटो. एका बाईने नवरा आणला, "याच्यात काही वाकडं आहे का बघा." अगं, त्याला नसलेला डोळा कशाला हवा? एक गृहस्थ नारळ ठेवून पाया पडायला लागले, तेव्हा मी तोच नारळ उचलून त्यांच्या हातात दिला आणि चढाच्या खालपर्यंत सोडून आले. या शहराला चांगला सुतार मिळत नाही म्हणून रडतील, आणि मिळाला की त्याचा बाबा करून टाकतील! हेच लोक या ग्रुपवर असतात, मला खात्री आहे.

नंदू बिचारा दार लावून आत बसायचा. "मला फक्त फळ्या कळतात हो," असं आतून सांगायचा.

मग एका सकाळी, मी ऑफिसला निघायच्या घाईत, त्याचा फोन आला. आम्ही एरवी आपलं मुंबईचं बोलतो. नंदू घाबरला की मात्र आईची मालवणी येते त्याच्या तोंडात.

"गो ताय, बाक इलो हा."

"कुठे आलाय? कसला बाक?"

तो दाढी करत होता. पट्टी काढलेली. साबण उजव्या डोळ्यात गेला म्हणून त्याने तो मिटला, आणि डावीकडे रेघ दिसली. फळी नव्हती समोर, आरसा होता. रेघ त्याच्याच चेहऱ्यावर होती, नाकाच्या मुळापासून उजव्या डोळ्याकडे जाणारी. सरळ असायला हवी होती. मधे पोट आलं होतं.

मी म्हटलं, स्कॅन स्वच्छ आहे. तो म्हणाला, माहीत आहे. मी म्हटलं, पुढचा स्कॅन ठरलेला आहे, बाईंनी तारीख दिलीये. तो म्हणाला, "ताई, तोपर्यंत उशीर होईल." मला त्याचा श्वास ऐकू येत होता, एकाच नाकपुडीचा.

उजवा डोळा. त्याच्याकडे उरलेलं जग तेवढंच होतं. तो गेला तर सुतारकाम गेलं, वैशालीचा चेहरा गेला, सगळंच गेलं. मी त्या दिवशी ऑफिसला गेले नाही.

आता सांगा, सर्जनसमोर जाऊन काय बोलायचं? "माझ्या भावाच्या नसलेल्या डोळ्याला त्याच्या चेहऱ्यात बाक दिसतोय"? त्यांनी आम्हाला प्रेमाने मानसोपचाराच्या विभागात पाठवलं असतं, आणि मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं. नुसतं "भीती वाटते" म्हटलं असतं तर धीर दिला असता. धीर नको होता मला, एमआरआय हवा होता. तो कशाने मिळतो, हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? दोन दिसतात असं सांगून चालणार नव्हतं, एका डोळ्याच्या माणसाला दोन कुठून दिसणार? मी टॅक्सीत त्याला पढवलं. "लाल रंग विटका दिसतो म्हणायचं. कुंकू गुलाबी दिसतं, सिग्नल मळकट दिसतो. नसेवर दाब आला की हेच होतं. एवढंच म्हण."

"पण लाल नीट लालच दिसतं गं."

"म्हण म्हटलं ना!"

तपासणीच्या खोलीत याची मान खाली. खोटं बोलताना याचे कान लाल होतात, शाळेपासून. शेवटी मीच बोलले. ज्या बाईंना मी कधी नाव ठेवलं नव्हतं, त्यांच्या डोळ्यांत बघून मी घडाघडा खोटं बोलले — कधीपासून, कोणत्या उजेडात, कसं हळूहळू वाढतंय. असं खोटं मी रोज पकडते. बाई थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, पकडलं. मग त्यांनी कागद ओढला आणि एमआरआय लिहून दिला. ताबडतोब.

निघालं. उजव्या बाजूला, नाकाच्या मागे, नसेच्या अगदी अलीकडे. एवढुसं. नाकातूनच दुर्बिणीने काढता आलं. ऑपरेशननंतर बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "लक्षण लवकर ओळखलंत म्हणून डोळा वाचला. पुढच्या तारखेपर्यंत थांबलो असतो तर नस गेली असती." मग जाता जाता थांबल्या. "एक कळत नाही. नसेवर दाब अजिबात नव्हता. लाल विटका दिसायला नको होता."

वैशाली माझा हात धरून रडत होती, मीही रडले. सांगायला लाज कसली?

तुम्ही म्हणाल, झालं, आता ही आमच्यातली झाली. नाही. मी सगळं तपासलंय. वास आला असेल? त्याचं नाक कधीच गेलंय. ओढ जाणवली असेल? सूज नव्हती, बाहेरून काहीच नव्हतं, बाईंनाही दिसलं नसतं. योगायोग म्हणावा तर माझ्या पट्ट्यांचं काय करू? माझ्या हातात अशी फाइल आली असती तर मी त्यावर लाल शेरा मारून परत पाठवली असती. ही मला पाठवता येत नाही आणि ठेवताही येत नाही.

नंदू घरी आल्यावर, बरा होऊन कारखान्यात गेल्यावर, मी परत पट्ट्या नेल्या. त्याच वखारीतून. कापूस, चिकटपट्टी, ओढणी. नंदूने काळी पट्टी वर सरकवली, मान पुढे केली. मी पहिली पट्टी धरली.

"सांग ना."

"रेघ नाही, ताई."

"नीट बघ."

"माका काय दिसणा नाय गो. काळोख."

मी दुसरी धरली, तिसरी धरली. त्याने अंदाजाने सांगितलं, आणि चुकला. मला बरं वाटायला हवं होतं. माझंच म्हणणं खरं ठरलं होतं ना, कातडीला दिसत नाही म्हणून? मी ओढणी सोडली, कापूस काढला. त्याचा उजवा डोळा ओला होता, उजेडाने म्हणा हवं तर.

"ताय," तो म्हणाला, "फुडच्या वेळाक माका कोण सांगतलो?"

पुढच्या वेळी बाक आला तर कोण सांगणार, हे तो मला विचारत होता. मी पट्ट्या गोळा केल्या आणि भिंतीला लावून ठेवल्या.

कमेंटमध्ये हात जोडू नका. "देवाची कृपा" लिहाल तर ब्लॉक करेन, आणि "मेंदूची किमया" लिहिणाऱ्या अतिशहाण्यांनाही. दोन्ही पक्षांना या प्रकरणातलं काही कळत नाही, मलाही नाही.

आता नंदू मास्क लावतो, आणि फळी दोरीने तपासतो. दोरीला दुसरं टोक धरायला माणूस लागतो, म्हणून रविवारी मी जाते. तो फळीच्या कडेकडे बघतो, आणि मी त्याच्या उजव्या डोळ्याकडे बघत बसते. सरळच वाटतो मला. पण त्या तिसऱ्या पट्टीच्या वेळीही मला सरळच वाटलं होतं.